मोडक्या गाडीचा दर ठरवतो कोण?

अपघातात सापडलेल्या वाहनाच्या दुरुस्तीला किती खर्च यावा आणि त्यातील किती भाग विमा कंपनीने सोसावा, हा प्रश्न वरकरणी इतका किरकोळ भासतो की पक्षाच्या साप्ताहिकात त्याला जागा कशाला, असे एखाद्या कार्यकर्त्याला वाटेल. मोटारवाल्यांची भांडणे मोटारवाल्यांनी मिटवावीत, असेही कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावणारी सगळीच वाहने काही बंगल्यांतून निघत नाहीत. कर्ज काढून घेतलेली रिक्षा, मार्केट यार्डात भाजी पोहोचवणारा 'छोटा हत्ती', दुधाचा टेम्पो, शाळेच्या मुलांची व्हॅन ही असंख्य कुटुंबांची उत्पादनसाधने आहेत. ती ठोकली गेली की चूल थांबते. आणि ती ज्याच्या हातोडीखाली पुन्हा उभी राहतात तो डेंटर, तो पेंटर आणि त्यांच्या हाताखालचा पोऱ्या हे असंघटित कामगारवर्गातील सर्वात दुर्लक्षित घटकांपैकी आहेत. वाहनमालक आणि कारागीर या दोघांच्या मध्ये विमा कंपनी उभी असते. दोघांच्याही वाट्याला काय यायचे ते तीच ठरवते आणि ठरवताना दोघांपैकी एकालाही विचारत नाही. वादाचे मूळ येथे आहे.

दाव्याची रीत पाहावी. अपघात झाला की मालक कंपनीला कळवतो, गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली जाते, गॅरेजवाला इस्टिमेट करतो. मग कंपनीचा सर्व्हेअर येतो, फोटो काढतो आणि इस्टिमेटवर लाल पेन फिरवतो. दरवाजा बदलायचा म्हटले असेल तर तो 'ठोकून घ्या' असे लिहितो. ठोकण्याची मजुरी नऊ हजार सांगितली असेल तर पाच हजार लिहितो. हा पाच हजारांचा आकडा कुठून आला, याचे उत्तर त्या कागदावर नसते. गॅरेजवाला म्हणतो, या पैशात काम होत नाही, फरक मालकाने द्यावा. कंपनी म्हणते, आमच्या मंजुरीपेक्षा जास्त पैसे गॅरेजवाला मागतो हा त्याचा लोभ आहे. मालक दोघांकडे आळीपाळीने खेटे घालतो. तोवर गाडी उघड्यावर पडलेली असते, बँकेचा हप्ता चालू असतो आणि बुडालेली रोजची कमाई कोणत्याच पॉलिसीच्या मूळ कलमात बसत नाही, कारण अपघाताच्या पाठोपाठ येणारे नुकसान विम्यातून आधीच वगळलेले असते. या घासाघिशीत एका पक्षाजवळ वेळच वेळ आहे आणि दुसऱ्याजवळ तो अजिबात नाही. अर्थशास्त्रात याला सौदाशक्तीतील विषमता म्हणतात. रिक्षाच्या थांब्यावर त्याला अधिक सरळ शब्द आहेत.

एक हिशेब मांडून पाहणे उपयोगाचे होईल. साडेचार वर्षे वयाचा एक छोटा मालवाहू टेम्पो ठोकला गेला आहे असे धरू. केबिनचा सांगाडा, दरवाजा, रेडिएटर वगैरे धातूचे भाग तीस हजारांचे. बंपर आणि हेडलाइट असे प्लास्टिकचे भाग आठ हजारांचे. समोरची काच पाच हजारांची. ठोकाठोकीची मजुरी नऊ हजार आणि रंगकाम बारा हजार. एकूण बिल चौसष्ट हजार. आता घसाऱ्याचे कोष्टक लागू होते. चार ते पाच वर्षांच्या वाहनाच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के कपात, म्हणजे साडेदहा हजार गेले. रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर वय काहीही असो ५० टक्के कपात, म्हणजे चार हजार गेले. काचेवर कपात नाही. रंगकामाच्या एकत्रित बिलाचा चौथा भाग साहित्याचा धरून त्यावर ५० टक्के कपात, म्हणजे दीड हजार गेले. मजुरीवर घसारा नाही. या हिशेबाने कंपनीकडून अठ्ठेचाळीस हजार आणि मालकाच्या खिशातून सोळा हजार. सक्तीची ठरावीक वजावट असते ती निराळीच. इथवरचे गणित कठोर असले तरी निदान छापील आहे आणि जुन्या भागाच्या जागी नवा भाग मिळतो म्हणून घसारा धरण्यात काही तर्कही आहे.

पण टेम्पो हे व्यापारी वाहन आहे. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात व्यापारी वाहनांसाठी एकविसाव्या क्रमांकाचे एक कलम होते. वाहन पूर्णतः नष्ट झाल्याखेरीज त्याचे दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे व बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांची भरपाई मिळणार नाही, असे ते कलम सांगते. ती हवी असेल तर तेविसाव्या क्रमांकाचे कलम जास्तीचा हप्ता भरून विकत घ्यायचे. दरांचे नियंत्रण पुढे गेले, परंतु ही शब्दरचना पॉलिसींत ठाण मांडून राहिली. टॅक्सी या कलमातून वगळल्या गेल्या. रिक्षा आणि टेम्पो मात्र त्यात सापडले. म्हणजे वर्षातून चार वेळा महाबळेश्वरला जाणाऱ्या खासगी मोटारीच्या बंपरला आणि रंगाला मूळ पॉलिसीतच संरक्षण आहे. दिवसाला बारा तास राबणाऱ्या तीनचाकीच्या मडगार्डला नाही. शहराच्या गर्दीत रिक्षाला सर्वात आधी काय लागते? मडगार्डच लागते. जो भाग फुटणार हे ठाऊक आहे तोच वगळायचा आणि त्या कागदाला विमा म्हणायचे! ते तेविसावे कलम आपल्या पॉलिसीत आहे की नाही हे रिक्षावाल्याला अपघाताच्या दिवशीच कळते, कारण पॉलिसी विकणाऱ्याने त्याला हप्त्याचा आकडा तेवढा सांगितलेला असतो. वरील टेम्पोच्या हिशेबातून बंपर-हेडलाइटचे चार हजार आणि रंगाचे साडेदहा हजार काढले की उरतात साडेतेहतीस हजार. सर्व्हेअरने मजुरी नवाऐवजी पाच हजार धरली तर साडेएकोणतीस. चौसष्ट हजारांच्या बिलातील निम्मी रक्कमसुद्धा भरून येत नाही.

हा सर्व्हेअर कोण असतो? १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४-यूएम प्रमाणे ठरावीक रकमेवरील दाव्यांसाठी परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. कायद्याच्या कल्पनेत तो निष्पक्ष हानिमापक आहे. परंतु त्याची निवड कंपनी करते, त्याची फी कंपनी देते आणि पुढचे काम मिळायचे की नाही तेही कंपनीच्याच हाती. लहान दाव्यांत तर बहुधा कंपनीचा पगारी माणूसच येतो. या परिस्थितीतही सचोटीने काम करणारे सर्व्हेअर आहेत आणि त्यांच्याविषयी आदरच बाळगला पाहिजे. पण ज्या व्यवस्थेत सचोटी टिकवण्यासाठी माणसाला स्वतःच्या पोटावर पाय द्यावा लागतो, ती व्यवस्था सचोटीच्या भरवशावर सोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अश्युरन्स कंपनीच्या एका खटल्यात २००९ मध्येच सांगितले की सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे आणि तो कंपनीवर किंवा विमाधारकावर बंधनकारकही नाही. कंपन्यांच्या खिडकीवर मात्र तो वेदवाक्य म्हणूनच दाखवला जातो. 'सर्व्हेअरने इतकेच मंजूर केले आहे' या वाक्यापुढे किती मालक हा निकाल पुढे करू शकतात?

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे दराकडे, यावे लागेल. पत्रा ठोकण्याचा आणि एक पॅनेल रंगवण्याचा दर बाजारात ठरतो असे सांगितले जाते. बाजार म्हणजे पुष्कळ घेणारे आणि पुष्कळ विकणारे, ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवली जाणारी व्याख्या मान्य केली, तर येथे बाजार नाहीच. विमा कंपनी ही दुरुस्तीची घाऊक खरेदीदार आहे. ती निवडक गॅरेजांशी करार करते: आमची गिऱ्हाईके तुमच्याकडे वळवू, तुम्ही मजुरीत आणि सुट्या भागांत इतकी सूट द्यायची, एका पॅनेलला इतकेच लावायचे. या कराराचे लाडके नाव 'कॅशलेस'. मालकाला वाटते की खिशातून पैसे न काढता काम झाले. प्रत्यक्षात त्याने गॅरेज निवडण्याची मुभा आणि बिलावर बोलण्याचा हक्क दोन्ही सोडून दिलेले असतात. करारातील दर त्याला दाखवले जात नाहीत. ज्याच्या मजुरीचे ते दर आहेत त्या कारागिराला तर नाहीच नाही. घेणारा एकटा आणि विकणारे अनेक असले की श्रमाची किंमत श्रमाच्या उत्पादकतेपेक्षा खाली दाबली जाते, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या विवेचनाला कुर्ल्याच्या गॅरेजांत जितका ठळक पुरावा मिळेल तितका क्वचितच कुठे मिळेल.

दाबलेला दर खाली कसा झिरपतो हेही पाहिले पाहिजे. गॅरेजवाल्याला पाच हजार मंजूर झाले तर तो स्वतःचे भाडे आणि नफा बाजूला काढून उरलेले काम डेंटरला अंगावर देतो. डेंटरला रोजंदारी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही; गॅसच्या ज्योतीपुढे चष्मा नाही, पॉलिश पेपरच्या धुळीत आणि रंगाच्या फवाऱ्यात धड मुखपट्टी नाही. शाळा अर्धवट सोडलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून पत्र्याची नाडी ओळखायला शिकतो. चेमटलेल्या पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडीने मूळ वळण परत आणणे ही कला आहे आणि ती मंजुरीच्या कागदावर 'डेंटिंग' या एका शब्दात आटोपते. दर परवडत नसला की हा कारागीर काय करतो? पत्रा पुरता न काढता वर पुट्टीचा जाड थर देतो आणि रंग मारतो. बाहेरून गाडी नवी दिसते. वर्षभरात पुट्टी तडकते, खाली गंज धरतो. म्हणजे कंपनीने वाचवलेले चार हजार अखेर मालकाच्या गाडीतून आणि कारागिराच्या मजुरीतून वसूल झाले. असल्या वादात मालकाने कारागिराला चोर म्हणावे आणि कारागिराने मालकाला चिकट म्हणावे, यासारखी कंपनीच्या सोयीची गोष्ट दुसरी नाही.

कंपन्यांचा बचाव ठरलेला आहे: गॅरेजवाले इस्टिमेट फुगवतात, जुनी मोडतोड नव्या अपघातात घुसडतात, न बदललेला भाग बदलला म्हणून दाखवतात. हे घडते. घडत नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्याची कारणमीमांसा कंपन्या करतात त्याहून निराळी आहे. सर्व्हेअर तिसरा हिस्सा कापणारच हे माहीत असेल तर इस्टिमेट दीडपट लिहिले जाणारच. आणि ते दीडपट लिहिले जाते हे माहीत असेल तर सर्व्हेअर कापणारच. गुप्त दरांच्या व्यवहारात दोन्ही बाजूंनी खोटे बोलणे हा स्वसंरक्षणाचा भाग होतो. प्रामाणिक इस्टिमेट देणारा गॅरेजवाला यात सर्वात आधी बुडतो. शिवाय लबाडीचा इतका तिटकारा असलेल्या कंपन्यांनी वाहनविक्रेत्यांशी संसार कसा थाटला, याचेही उत्तर द्यावे. तोच विक्रेता गाडी विकतो, तोच तिची पॉलिसी विकतो, तोच तिची दुरुस्ती करतो आणि बिलही तोच पाठवतो. विमा नियामकाने २०१७ मध्ये या मंडळींसाठी मार्गदर्शक नियम काढले तेव्हा विक्रेत्याला द्यायच्या मोबदल्याची कमाल मर्यादा वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर १९.५ टक्के आणि दुचाकीला २२.५ टक्के ठेवावी लागली. २०२३ मध्ये तर दलालीवरील स्वतंत्र मर्यादाच काढून टाकल्या आणि कंपनीच्या एकूण खर्चाची तेवढी मर्यादा ठेवली. पॉलिसीचा कागद हातात दिल्याबद्दल हप्त्यातील रुपयामागे एकोणीस पैसे द्यायला जिच्याजवळ आहेत, तिला पत्रा सरळ करणाऱ्याच्या मजुरीत मात्र फसवणूक दिसते!

सुट्या भागांची कथा याहून निराळी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग, दोष शोधण्याची उपकरणे आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नव्हत्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. प्रकरण पुढे अपिलांच्या चक्रात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, वर्षअखेरीस एक पोर्टलही सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. पोर्टलाने नाना पेठेतल्या दुकानदाराला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीला दोष शोधण्याचे यंत्र मिळत नाही. ते मिळत नाही तोवर तो अधिकृत सेवाकेंद्राशी स्पर्धा करू शकत नाही आणि तो स्पर्धेतून बाहेर राहिला की 'बाजारभाव' म्हणजे सेवाकेंद्राचा भाव.

भांडवलशाहीची काशी मानल्या जाणाऱ्या अमेरिकेतही ही लढाई जुनी आहे. तेथील न्याय खात्याने विमा कंपन्यांच्या तीन संघटनांवर खटला भरला. नुकसानीचा अंदाज काढणारे हाताशी धरून त्या दुरुस्तीचे दर दाबतात, हा आरोप होता. १९६३ मध्ये त्या संघटनांनी न्यायालयात तडजोडीचा हुकूमनामा पत्करला आणि दर ठरवण्यापासून व गिऱ्हाइकांना विशिष्ट गॅरेजांकडे वळवण्यापासून दूर राहण्याचे मान्य केले. साठ वर्षांनंतरही तेथील गॅरेजवाल्यांच्या तक्रारी त्याच आहेत, कारण हुकूमनाम्याने मनाई केली, पण न्याय्य दर ठरवायची पर्यायी यंत्रणा उभी केली नाही. नुसत्या मक्तेदारीविरोधी कायद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हा धडा वाचावा.

या ठिकाणी समाजवादी चळवळीला स्वतःच्या वारशाचाही विचार करावा लागेल. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि १०७ देशी-विदेशी विमाकर्त्यांतून चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. त्या निर्णयाचे स्वागत योग्यच होते. परंतु मालकी बदलली तरी कारभाराची घडी बदलली नाही. सरकारी कंपनीतही सर्व्हेअर कंपनीचाच राहिला. विमाधारकाला आणि कारागिराला कोणत्याच समितीवर जागा मिळाली नाही. राष्ट्रीयीकरण लोकांचे वाटावे असे काही खिडकीवर घडले नाही, म्हणूनच पुढे ते मोडताना रस्त्यावर कोणी आले नाही. १९९४ चा मल्होत्रा समितीचा अहवाल, १९९९ चा नियामक कायदा, २००७ पासून मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीवरील हप्त्यांचे विनियंत्रण, २०२१ मध्ये परकीय गुंतवणुकीला ७४ टक्क्यांची मोकळीक आणि त्याच वर्षी सरकारी कंपन्यांतील शासनाचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली नेण्याची कायदेशीर वाट, अशी ती उतरण आहे. हप्त्याचे नियंत्रण गेले तेव्हा स्पर्धेने ग्राहकाचे भले होईल असे सांगितले गेले. स्पर्धा झाली ती हप्ता स्वस्त दाखवण्याची; त्याची भरपाई दावा कापून होऊ लागली. स्वस्त पॉलिसी विकत घेणाऱ्याने आपण नेमके काय कमी विकत घेतले, हे विचारायचे असते. पण विचारायचे कोणाला?

वाद मिटवण्याची दारे कागदावर बरीच आहेत. विमा लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तेथे चालतात आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही त्याच्या कक्षेत येतात, म्हणजे रिक्षावाला व टेम्पोवाला तेथे जाऊ शकतात. मुंबई आणि पुणे येथे त्याची कार्यालये आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची किंवा नकार आला की जायचे. मात्र वर्षाच्या आत. जिल्हा ग्राहक आयोगात मोबदल्याची रक्कम, येथे विम्याचा हप्ता, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. व्यापारी हेतूचा बागुलबुवा कंपन्या वर्षानुवर्षे उभा करीत होत्या. विम्याचा करार हा नुकसानभरपाईचा करार असल्याने तो नफ्याच्या व्यवहारात सहसा मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये स्पष्ट केले. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवले तर दावा नाकारता येत नाही, हेही ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने कायम केले. तोच मुद्दा २०१७ मध्ये निकालात निघाला असताना तो पुन्हा उकरून काढण्यात विमा कंपन्यांनी सात वर्षे घालवली, ही त्यातील ध्यानात ठेवण्याजोगी बाब. नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाने सर्व्हेअरने पंधरा दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय करावा, असे बंधन घातले आहे. आणि 'पूर्ण व अंतिम' अशा पावतीवर सही घेतली म्हणून विमाधारकाचा पुढे दाद मागण्याचा हक्क बुडत नाही, हे नियामकाने सप्टेंबर २०१५ मध्येच कंपन्यांना कळवले आहे.

हे सारे उपयोगाचे आहे. पण या प्रत्येक दारातून माणूस एकटा आत जातो आणि जिंकला तरी एकटाच बाहेर येतो. त्याचे चार हजार त्याला मिळतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गॅरेजात तोच पाच हजारांचा आकडा पुन्हा लिहिला जातो. दर हा सामूहिक प्रश्न आहे आणि तो वैयक्तिक तक्रारींची बेरीज करून सुटणार नाही.

महाराष्ट्राला त्याचे उत्तर परके नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाची कायम नोकरी नसलेल्या, रोज नव्या गाडीचे ओझे वाहणाऱ्या हमालांसाठी त्रिपक्षीय मंडळे उभी केली. त्यांत कामगार, मालक आणि शासन यांचे प्रतिनिधी बसतात, मजुरी मंडळातून जाते, कल्याणनिधीची वसुली तेथूनच होते. हमालीचा दर ठरवता येणार नाही, माल वेगळा, ओझे वेगळे, असे तेव्हाही व्यापारी म्हणत होते. तो ठरला. पत्र्याच्या कामाचा दरही ठरू शकतो, कारण कंपन्या तो आजही ठरवतातच; फक्त तो बंद खोलीत ठरतो. जिल्हावार त्रिपक्षीय मंडळाने पॅनेलनिहाय ठोककामाची व रंगकामाची किमान मजुरी जाहीर करावी, तीत डेंटर-पेंटरांचे, वाहनमालक संघटनांचे आणि विमा कंपन्यांचे प्रतिनिधी असावेत, आणि सर्व्हेअरला त्या दराखाली मजुरी धरण्यास मनाई असावी. सर्व्हेअर मंडळाच्या यादीतून पाळीने नेमला जावा व त्याची फी कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या सामायिक निधीतून दिली जावी. अहवालाची प्रत त्याच दिवशी मालकाच्या हाती पडावी. मुदत उलटली तर कंपनीने अडकलेल्या वाहनाचा दिवसभत्ता द्यावा. वेळेचे हत्यार एकाच्याच हाती राहू नये. आणि तीनचाकी व छोट्या मालवाहू वाहनांपुरते ते एकविसावे कलम रद्द व्हावे.

याने हप्ते वाढतील, असा आक्षेप येईल. थोडे वाढतील. परंतु ज्याला निम्मी भरपाई मिळते त्याने भरलेला हप्ता मुळात स्वस्त नव्हताच, आणि वाढीची पहिली वसुली विक्रेत्यांच्या एकोणीस पैशांतून करता येईल. दुसरा आक्षेप घटनात्मक आहे: विमा हा विषय संघसूचीत आहे, राज्य त्यात काय करणार? पॉलिसीच्या कलमांसाठी आणि सर्व्हेअरच्या नेमणुकीसाठी दिल्लीशी भांडावे लागेल, हे खरे. मजुरी मात्र समवर्ती सूचीत येते. माथाडी कायदा याच विधिमंडळाने केला आहे. म्हणजे मंडळाचा निम्मा भाग मुंबईतच उभा करता येतो.

तोवर करण्याजोगे काम रिक्षाच्या थांब्यावर आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात हमाल पंचायत आणि रिक्षा पंचायत उभ्या राहिल्या त्या अशाच रोजच्या, लहान दिसणाऱ्या प्रश्नांवर. प्रत्येक तालुका शाखेने आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून पॉलिसी वाचून दाखवण्याचे काम हाती घ्यावे: एकविसावे कलम आहे का, तेविसावे घेतले आहे का, नूतनीकरणाची तारीख कोणती. ज्यांचे दावे कापले गेले त्यांच्याकडून सर्व्हेअरच्या अहवालाच्या आणि गॅरेजच्या बिलाच्या प्रती गोळा कराव्यात, आणि त्याच गॅरेजांतील डेंटरांना प्रत्यक्षात किती मजुरी हाती पडली तेही त्या कागदाशेजारी नोंदवावे. मंडळाची मागणी घेऊन कामगारमंत्र्यांकडे जायचे तेव्हा हे तीन आकडे प्रत्येक जिल्ह्यातून सोबत असले पाहिजेत.